डोकं चालवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारे, ३१ वर्षांचे एक वाचक लिहितात. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, पुढे आयटीआय केलं आणि गेली नऊ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी लेथवर आहेत. दोन वर्षांमागे शिफ्ट सुपरवायझरची जागा निघाली, ती त्यांच्या मागून आलेल्या माणसाला मिळाली. मालक म्हणाले, "तुझा हात चांगला आहे, पण तू डोकं चालवत नाहीस." ते वाक्य लागलं. मोबाइलवर शोधता शोधता गणितातून नीट विचार करायला शिकवणारा एक इंग्रजी ऑनलाइन कोर्स सापडला. फुकट होता, नाव घातलं. पहिला आठवडा मजेत गेला, तिसऱ्यात गाडी अडली. "सर सोडवतात तेव्हा सगळं पटतंय. मी वही घेऊन बसलो की काही सुचंना झालंय. पाच मिनिटांत उत्तर उघडून बघतोय." त्यातच एक कोडं असं होतं : ३७ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा आहे, अंतिम विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती होतील? यांनी रात्री बसून जोड्या लावल्या, उत्तर ३५ आलं. आठवीतल्या पुतणीनं जेवता जेवता "छत्तीस की हो काका" म्हणून सांगितलं आणि तेच बरोबर निघालं. आता सर्टिफिकेटसाठी पैसे भरायची मुदत जवळ आलीय. मित्र म्हणतो, हे सोड आणि स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. बायको म्हणते, काहीही करा पण झोपा. "माझं डोकं त्या जातीचंच नाही असं समजून सोडून देऊ, की पैसे भरून कसंबसं पुरं करू?"

उत्तर : आधी ते ३७ संघ मिटवू, कारण पत्रभर तेच सलताना दिसतायत.

तुम्ही केलेल्या जोड्यांचा कागद पत्रासोबत पाठवलात हे फार बरं केलंत. ३७ संघांतून १८ सामने, एक संघ बाय घेऊन (म्हणजे न खेळताच) पुढे, राहिले १९. मग ९ सामने, पुन्हा एक बाय, राहिले १०. मग ५ सामने, राहिले ५. त्यांतून २ सामने आणि एक बाय. इथे तुम्ही जिंकलेले दोन संघ पुढे नेलेत आणि बाय मिळालेला तिसरा कागदावर तसाच बसून राहिला. तो धरला असता तर पुढे एकाऐवजी दोन सामने झाले असते आणि १८, ९, ५, २, १, १ मिळून ३६ झाले असते. म्हणजे पद्धत बरोबर होती, एक संघ मैदानाबाहेर विसरला. रात्री अकराला, दुसरी शिफ्ट करून आलेल्या माणसाच्या हातून हे होणारच.

पुतणीनं काय केलं असेल? मला वाटतं, तिला एवढ्या जोड्या लावायचा कंटाळा आला असणार. कंटाळा हा गणितात फार मोठा गुण आहे, आम्ही शिक्षक तो मारून टाकतो. तिनं जिंकणाऱ्यांकडे बघणं सोडलं आणि घरी जाणाऱ्यांकडे बघितलं. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो. शेवटी एक उरायचा म्हणजे ३६ घरी गेले पाहिजेत. ३६ जणांना घरी पाठवायला ३६ सामने, झालं. बाय कुणाला, कुठल्या फेरीत, याच्याशी काही देणंघेणंच नाही.

कदाचित तिनं असं काही केलंही नसेल. दोन संघांना एक सामना, तीनला दोन, चारला तीन, एवढंच बोटांवर मोजून "एक कमी" असं ठोकून दिलं असेल. तसं असेल तर तिचं उत्तर बरोबर पण काम अर्धंच. म्हणून तिला एकदा विचारा, "तुला कसं कळलं गं?" ओशाळू नका. हा प्रश्न तुम्ही त्या रात्री विचारला नाहीत, पान बाजूला सारून उठलात, आणि मला विचाराल तर त्या कोड्यातलं खरं नुकसान तिथे झालं. उत्तर ३५ आलं त्यानं नाही.

आणि तिला पुढचं विचारा. समजा नियम बदलला, एकदा हरून नव्हे तर दोनदा हरल्यावरच संघ बाद, तर सामने किती? तुमच्या पद्धतीनं जोड्या लावायला बसलात तर दोन वह्या संपतील. घरी जाणाऱ्यांकडे बघितलं तर? ३६ संघांनी प्रत्येकी दोन पराभव घेऊन जायचं, म्हणजे ७२ पराभव. विजेता एकदा हरला असेल किंवा एकदाही नसेल. दर सामन्यात एकच पराभव होतो. तेव्हा ७२ किंवा ७३. बघितलंत ना, एका उत्तराचा उपयोग संपला, पण त्यामागची नजर पुढच्या कोड्याला तशीच चालली. तुमचा कोर्स हेच शिकवू पाहतोय. ३६ हा आकडा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग.

आता माझी एक कबुली. मी बेळगावातच मराठी शाळेत गणित शिकवण्यात सारी नोकरी घालवली. वर्गात प्रश्न टाकायचा, ज्याचा हात आधी वर त्याला उभं करायचं, "शाब्बास" म्हणायचं, पुढचा प्रश्न. चाळीस मुलांत चार हात वर जायचे, बाकीची छत्तीस (पुन्हा छत्तीसच!) मनाशी ठरवून टाकायची की गणित म्हणजे ज्याला लगेच येतं त्याचा विषय. तुम्ही माझ्या वर्गात नव्हता, पण अशाच कुठल्या तरी वर्गात होता. "पाच मिनिटांत सुचलं नाही म्हणजे मला येत नाही" हा हिशेब तिथला आहे. पाच मिनिटं हा एसएसएलसीच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, पेपरातला वेळ आहे. विचाराला लागणारा वेळ त्यावरून कुणी काढला, कोण जाणे.

अशा कोर्सांपैकी दोन बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. एक स्टॅनफर्डच्या कीथ डेव्हलिन यांचा, २०१२ मध्ये कोर्सेरावर सुरू झालेला, आणि दुसरा ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले मायकेल स्टारबर्ड यांचा, एडएक्सवरचा. तुम्ही कुठला घेतलाय ते लिहिलेलं नाही, पण जातकुळी एकच. डेव्हलिन सुरुवातीचा बराच काळ आकडेमोडीला हातच लावत नाहीत. 'आणि', 'किंवा', 'नाही', 'जर-तर', 'प्रत्येक', 'निदान एक' या शब्दांचा नेमका अर्थ काय यावरच मुक्काम असतो. स्टारबर्ड यांचा भर साध्या गोष्टी खोलवर समजून घेण्यावर, मुद्दाम चुकून बघण्यावर आणि स्वतः प्रश्न काढण्यावर. दोघांकडेही अडणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. आपण शाळेत जी उदाहरणं सोडवत होतो ती सरावाची. रीत आधी फळ्यावर, मग तसलीच दहा गणितं. इथे रीत दिलेलीच नसते, ती काढायची असते. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात सुचेनासं झालं हे कोर्स सुरू झाल्याचं लक्षण आहे. पहिल्या आठवड्यात तुम्ही व्हिडिओ बघत होता.

पण म्हणून मी तुम्हाला "नेटानं पुरं करा" असं सांगणार नाही. तुमच्या पत्रात तीन गृहीतं आहेत, ती उकलल्याशिवाय पैसे भरण्याची किंवा सोडण्याची घाई नको.

पहिलं गृहीत इंग्रजीचं. तुमचा मित्र म्हणतो तसं इंग्रजी आडवं येत असेलही, पण किती? एक काम करा. ज्या धड्यावर अडलात त्याची लिहिलेली प्रत उघडा (व्हिडिओखाली बहुधा असते) आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघा मारा. माझा अंदाज आहे, पंचवीस-तीस शब्द निघतील, आणि तेच ते पुन्हा पुन्हा येत असतील. तेवढ्याची वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत यादी करा. 'इफ अँड ओन्ली इफ' म्हणजे 'तर आणि तरच'. 'फॉर ऑल' म्हणजे 'प्रत्येकासाठी'. 'देअर एक्झिस्ट्स' म्हणजे 'निदान एक तरी आहे'. आपले शब्द पुष्कळदा उलगडून सांगणारे असतात. 'एलसीएम' ही तीन अक्षरं पाठ करावी लागतात. 'लसावि' फोडला की 'लघुतम साधारण विभाज्य', म्हणजे दोघांनाही चालणारा सगळ्यात लहान, एवढं तो स्वतःच बोलतो. व्हिडिओ समजून घ्यायचा इंग्रजीत, वही मात्र मराठीत. कोर्सवाले तुमची वही तपासायला खानापूरला येणार नाहीत.

सीमाभागातल्या माणसाला आपण भाषेत मागे आहोत असं उगाच वाटत राहतं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाहेरचा इंजिनिअर आला की हिंदी, मॅन्युअल इंग्रजीत. यात ओढाताण आहे, नाकारत नाही. पण यातून मिळतंही काही. २९ हा आकडा घ्या. आपण म्हणतो एकोणतीस, म्हणजे तिसाला एक उणा. तुमच्या शेजारच्या मशीनवरचा कन्नड मित्र म्हणतो इप्पत्तोंबत्तु, म्हणजे वीस आणि नऊ. आता २९ गुणिले ७ तोंडी करा. कन्नड शब्द सांगतो वीस साते एकशे चाळीस, नऊ साते त्रेसष्ट, बेरीज करा. मराठी शब्द सांगतो तीस साते दोनशे दहा, त्यातून सात काढा, २०३. एकच आकडा, दोन दारं. हेच ३७ संघांचं होतं, एक दार जिंकणाऱ्यांचं, दुसरं हरणाऱ्यांचं. तुम्ही रोज दोन दारांच्या घरात राहता. एक दार बंद झालं तर दुसरं ढकलून बघायची सवय मात्र लावावी लागते, ती आपोआप येत नाही.

दुसरं गृहीत मोठं आहे, आणि तिथे मी कोर्सवाल्यांच्याही बाजूची नाही. तुम्ही धरून चाललात की गणितानं डोक्याला धार आली की ती कुठेही वापरता येईल, विळ्याला धार लावावी तशी. हा समज जुना आहे आणि तो तपासला गेलाय. १९०१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठरावीक आयतांचं क्षेत्रफळ नजरेनं अजमावायचा सराव दिला. त्या आयतांत लोक तरबेज झाले. वेगळ्या मापाचे, वेगळ्या आकाराचे तुकडे पुढे ठेवले तेव्हा सुधारणा बरीच कमी दिसली. पुढे १९२४ मध्ये थॉर्नडाइक यांनी शाळकरी मुलांच्या हजारोंच्या संख्येत चाचण्या घेऊन बघितलं. लॅटिन किंवा भूमिती शिकल्यानं एकंदर बुद्धीच लखलखीत होते, या समजुतीला त्यात फारसा आधार मिळाला नाही. कोड्यात शिकलेलं कोड्यात राहण्याकडे त्याचा कल असतो. ते उचलून दुसरीकडे न्यावं लागतं, आणि हमाली आपली आपण करायची असते.

आणि ती तुम्ही केलेली आहे. पत्राच्या तिसऱ्या पानावर, सहज, कंसात, तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात बोअरचं (जॉबच्या आतल्या भोकाचं) माप सकाळी सारखं हलत होतं, सगळे म्हणाले इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजलाय, तुम्ही इन्सर्ट बदललात तरी हलत राहिलं. मग तुम्ही तासभर प्रत्येक जॉबचं माप खडूनं पत्र्यावर लिहीत गेलात. पहिल्या काही जॉबना हललं, नंतर स्थिरावलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जॉब न लावता मशीन थोडा वेळ नुसतं फिरवून तापू दिलं आणि मग काम धरलं, तर पहिल्या जॉबपासून माप बसलं. पुढे लगेच लिहिता, "पण हे काय गणित नव्हे."

हे गणितच आहे हो! तुमच्या कोर्सच्या पहिल्या दोन आठवड्यांचं. सगळ्यांचा विचार असा होता : इन्सर्ट झिजला तर माप हलतं, माप हलतंय, म्हणून इन्सर्ट झिजलाय. ऐकायला पक्कं वाटतं. आता हेच अंगणात आणा. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला? सासूबाईंनी पहाटे सडा घातला असेल की. जर-तर उलटं फिरवलं की ते आपोआप खरं राहत नाही, आणि कारखान्यात, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत निम्म्या चुका या एका उलट्या फिरण्यातून होतात असं माझं मत आहे. (मत आहे, मोजलेलं नाही.) तुम्ही ती चूक पकडलीत. नुसती पकडली नाहीत, दुसरं कारण सुचवलंत, आणि ते खोटं ठरू शकेल असा प्रयोगही केलात, कारण तापवूनही माप हललं असतं तर तुमचा अंदाज गेला असता. माप हळूहळू हलतंय की एकदम उडी मारतंय, सकाळीच की दिवसभर, असे प्रश्न तुम्ही त्या पत्र्यावरच्या खडूनं विचारले. झीज असती तर सरकत राहिलं असतं. ते स्थिरावलं, म्हणून झीज नाही. डेव्हलिन असोत की स्टारबर्ड, यापेक्षा वेगळं काय सांगणार?

मग मालक तसं का म्हणाले? इथे तुमचं तिसरं गृहीत. तुम्ही त्या वाक्याचा अर्थ "तुला बुद्धी नाही" असा लावलात आणि दोन वर्षं तोच उराशी धरलात. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळणार नाही, तुम्हालाही कळलेलं नाही, कारण विचारलेलं नाही. पण एक शक्यता बघा. तो पत्र्यावरचा खडू संध्याकाळी पुसला गेला. मशीन तापवायचं तुम्ही तुमच्यापुरतं सुरू केलंत. पुढच्या शिफ्टवाल्याला सांगितलं? मालकांना सांगितलं? पत्रावरून तरी दिसत नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की या पोराच्या मशीनवर रिजेक्शन कमी आहे, म्हणजे "हात चांगला". डोकं वापरलेलं बाहेर कुठे उमटलंच नाही. सुपरवायझरला स्वतःचा विचार दुसऱ्याला समजेल असा मांडावा लागतो, कारण मशीन त्याच्या हातात नसतं.

तेव्हा एखाद्या निवांत वेळी त्यांना विचारा, "मालक, तुम्ही मागे म्हणाला होता, कुठल्या कामावरून तसं वाटलं तेवढं सांगा. मला सुधारायचं आहे." भांडणाचा सूर नको, प्रसंग मात्र मागा. ते एखादा प्रसंग सांगतील तर तुम्हाला काम मिळालं. सांगू शकले नाहीत, तर ते वाक्य जागा दुसऱ्याला देताना तोंडाला आलेलं होतं, आणि त्याच्यासाठी रात्री जागण्यात अर्थ नाही. जागा कदाचित आणखी कुठल्या कारणानं गेली असेल. सगळ्या जागा बुद्धी बघून भरत नाहीत, हे उद्यमबागेत नऊ वर्षं काढलेल्याला मी काय सांगावं.

आता कोर्सचं. माझा सल्ला : सोडू नका, पैसेही भरू नका. फुकटात नाव घालणाऱ्या अशा कोर्समध्ये पूर्ण करणारे शेकड्यात दहा-पंधराच्या वर क्वचितच जातात, तेव्हा अर्ध्यात अडलेले तुम्ही एकटे नाही. सर्टिफिकेट तुमच्या कारखान्यात कुणी मागितलेलं नाही. मालकांना विचाराल तेव्हा तेही विचारून घ्या. ते "असलं तर बरं" म्हणाले तर मग भरा. बहुतेकदा पैसे भरणं ही आपण स्वतःला घातलेली वेसण असते, की पैसे गेलेत तर बसेन तरी. तुमच्या बाबतीत ती उलटी लागेल. मुदत गाठायला तुम्ही आणखी भराभर उत्तरं उघडाल, आणि नेमकी तीच सवय तर मोडायची आहे.

मुदत सोडली की चाल बदलता येते. आठवड्याला एक कोडं, एकच. पंधरा-वीस मिनिटं उत्तर उघडायचं नाही, पण त्या वेळात छताकडेही बघत बसायचं नाही. काही सुचत नसेल तर कोडं लहान करा. सदतीस संघ जड जातायत तर तीन संघ घ्या, पाच घ्या. किंवा मुद्दाम चुकीचं उत्तर धरा आणि ते चुकीचं का ते लिहा. १०० सामने होतील? का नाही? "कारण एवढे संघच नाहीत बाद व्हायला." बघा, या एका ओळीत उत्तर येऊन बसलंच. तरी अडलंच तर वहीत "इथपर्यंत आलो, इथे अडलो" एवढं लिहून झोपा. पुढच्या संध्याकाळी तिथूनच धरा. दोन-तीन बैठका झाल्यावर उत्तर उघडायला माझी हरकत नाही. त्या वेळी उत्तर वाचताना "असं होय!" असं तोंडातून निघेल. पाच मिनिटांत उघडलेल्या उत्तराला ते निघत नाही, नुसतं "बरं" निघतं.

बायकोचं म्हणणं मी सगळ्यात वर ठेवते. दुसऱ्या शिफ्टनंतर कोडी बंद. त्या आठवड्यात फक्त झोप. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात एक संध्याकाळ आणि रविवारची सकाळ पुरे. आणि कोडं सुटलं की तिला मराठीत समजावून सांगा. तिला गणित आवडत नसलं तरी चालेल, उलट बरं. ती "थांबा, हे कसं काय आलं?" म्हणेल तिथे तुमच्या विचारात भोक आहे हे पक्कं समजा. मी इतकी वर्षं शिकवून जेवढं शिकले त्यातलं बरंचसं मागच्या बाकावरच्या अशा "कसं काय"मुळे.

स्पोकन इंग्लिशचा क्लास वाईट नाही, पण तो वेगळ्या दुखण्यावरचा उपाय. मालकांना इंग्रजी बोलणारा सुपरवायझर हवा होता असं निघालं तर जरूर लावा. नाहीतर आधी एक साधी गोष्ट करा. कारखान्यात एक छोटी वही ठेवा, आणि मशीननं काही वेडेपणा केला की चार ओळी : काय दिसलं, सगळे काय म्हणाले, मी काय तपासलं, काय निघालं. मराठीत लिहा. महिनाभरानं त्यातल्या दोन नोंदी शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला सांगा, कन्नडमध्ये, तुम्ही मोडकीतोडकी म्हणता त्या कन्नडमध्ये. त्याला कळलं तर तुम्हाला पक्कं कळलेलं आहे.

ज्या इतर वाचकांना इंग्रजी कोर्स झेपणारच नाही असं वाटतं त्यांच्यासाठी एवढंच, की आपल्याकडच्या एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीच्या) काही कोर्सचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतो. ते विषय जास्त करून कॉलेजचे आहेत, विचार शिकवणारे म्हणून बांधलेले नाहीत. पण एक अध्याय सावकाश वाचायला काय जातं.

जाता जाता एक खेळ, बसमधल्या पाऊण तासासाठी. याला नेटवर्क लागत नाही, म्हणजे जंगलातल्या वळणांवरही चालेल. द. रा. कापरेकर हे देवळालीच्या शाळेत मास्तर होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. त्यांना आकड्यांशी खेळायचं वेड. १९४९ मध्ये त्यांनी एक गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. आपल्या सीमाभागात सगळ्यांना पाठ असलेलं साल घेऊ, १९५६. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा : ९६५१. उलटे लावा : १५६९. वजा करा : ८०८२. पुन्हा तसंच, ८८२० वजा ०२८८ : ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ : ६१७४. आणखी एकदा करा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. अशी कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन बसते. राज्य पुनर्रचनेचं साल तीन पायऱ्यांत येतं. आपला प्रश्न तेवढा अजून कुठे येऊन बसला नाही, पण तो या सदराचा विषय नव्हे.

तुमच्यासाठी काम असं. तीन अंकी संख्या घेतल्या तर काय होतं? तिथेही असा एखादा आकडा आहे का, की भलतंच काही होतं? उत्तर मोबाइलवर एका मिनिटात सापडतं, शोधू नका. चार-पाच संख्या घेऊन बघा, वजाबाकीत मधला अंक कसा येतो त्यावर नजर ठेवा. पुतणीलाही द्या. तिनं आधी सोडवलं तर सोडवू दे. उत्तर तेवढं विचारू नका, कुठून सुरुवात केली ते विचारा.